दरीतली इर्जिक: रारामुरींच्या वस्तीवरचे आठ दिवस

निघण्याआधी

वीस कडक भाकऱ्या, अर्धा किलो शेंगाचटणी आणि एक सोलापुरी चादर. बाकीच्या सामानात काटछाट झाली, पण या तिन्हींना मी कुणाला हात लावू दिला नाही. माझी भाची सहा वर्षांपासून मेक्सिकोतल्या चिवावा शहरात राहते. जावईबापू तिथं गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. "मावशी, एकदा तरी दिवाळीला ये की," असं ती दर वर्षी म्हणायची. शाळेतून निवृत्त झाले आणि मी अट घातली: दिवाळी तुझ्या घरी, पण भाऊबीज झाली की मला रारामुरींच्या दरीत न्यायचं.

तीस वर्षं सोलापुरात भूगोल शिकवला. एकदा फळ्यावर उत्तर अमेरिका काढून सिएरा माद्रेची रेघ ओढली, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, "बाई, तिथं कोण राहतं?" पुस्तकात उत्तर नव्हतं. मग मीच शोधत गेले. मेक्सिकोच्या उत्तरेला, चिवावा राज्यात, पश्चिम सिएरा माद्रेच्या डोंगरांत सहा मोठ्या दऱ्यांचं जाळं आहे. त्यातली उरीके दरी सुमारे १,८७० मीटर खोल. या दऱ्यांच्या काठावर आणि पोटात रारामुरी राहतात. स्पॅनिश लोकांनी त्यांना ताराउमारा म्हटलं. ते स्वतःला रारामुरी म्हणवतात, त्याचा अर्थ पायांनी धावणारे असा सांगतात.

जगाला ते धावण्यामुळेच माहीत आहेत. १९९३ साली अमेरिकेतल्या लेडव्हिलच्या शंभर मैलांच्या शर्यतीत पंचावन्न वर्षांचा व्हिक्तोरियानो चुर्रो पहिला आला. २०१७ साली लोरेना रामिरेस ही मुलगी घोळदार झगा आणि साध्या चपला घालून ५० किलोमीटरची डोंगरातली शर्यत जिंकली. हे सगळं मोठंच आहे. पण मला ओढ होती ती त्यांच्या शेतांची. पावसावरची शेती, खडकाळ जमीन, दुष्काळ पाचवीला पुजलेला, आणि तरी ही माणसं शेकडो वर्षं त्याच उतारांवर मका पिकवतात. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू रानात वाढलेल्या मुलीला आणखी काय लागतं?

एक आधीच सांगते. दरीतल्या त्या वस्तीचं आणि यजमानांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांनी मला घरात घेतलं ते पाहुणी म्हणून.

दिवस पहिला: चिवावा ते क्रील

पहाटे अंधारातच गाडी सुटली. 'एल चेपे' म्हणतात या रेल्वेला. चिवावापासून पॅसिफिककडच्या लोस मोचिसपर्यंत साधारण ६५० किलोमीटर, ८६ बोगदे, ३७ पूल. एकोणिसाव्या शतकात कल्पना निघाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये रूळ पुरे झाले. खरे बोगदे पुढं, क्रीलच्या पलीकडं लागतात. पहिले काही तास मात्र पठार, पठार आणि पठार. कुआउतेमोकच्या आसपास सफरचंदांच्या बागा दिसल्या. १९२२ साली कॅनडातून आलेले मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी इथं वसले, त्यांचं चीज सगळीकडं मिळतं. मग हळूहळू पाइनची झाडं दाट होत गेली आणि खिडकीची काच गार पडली.

क्रील समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर आहे. स्टेशनात उतरले तर स्वेटरमधूनही थंडी आत शिरत होती. तिथंच एक बाई समोर आली. फुलाफुलांचा घेरदार झगा, डोक्याला तसाच रुमाल, पाठीला झोळीत बांधलेलं लेकरू. तिनं हात पुढं केला आणि अगदी हळू म्हणाली, "कोरिमा."

आमच्या डब्यातला एक प्रवासी जाता जाता भाचीला म्हणाला, "भीक मागतात हे लोक, सवय लावू नका." भाचीनं बाईला दहा पेसो दिले. बाईनं आभार मानले नाहीत, हसली नाही, लाजलीही नाही. पैसे घेऊन बाजूला झाली. माझ्या मनात ते खटकून राहिलं. आपण काही दिलं की समोरच्यानं थोडं वाकावं अशी माझीही अपेक्षा होती, हे त्या क्षणी मला कळलं.

दिवस दुसरा: अरारेको

रविवार. क्रीलपासून जवळच सान इग्नासिओ अरारेको नावाची रारामुरींची वस्ती आहे, तिथल्या दगडी देवळात, म्हणजे चर्चमध्ये गेलो. आमची वाटाडी तिथंच भेटली. विशीतली रारामुरी मुलगी, क्रीलला शिकलेली, उत्तम स्पॅनिश बोलणारी. पुढचे दिवस आम्ही तिच्या आज्जीच्या घरी राहणार होतो. माझं मराठी बोलणं भाची स्पॅनिशमध्ये सांगणार, ती मुलगी रारामुरीत सांगणार, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. या उतरंडीत शब्द गळायचे, पण घाई आपोआप कमी झाली.

ओळख करून देताना लोक हात दाबत नाहीत, फक्त बोटांची टोकं टेकवतात. "क्विरा," असं म्हणतात. मी दोनदा हात घट्ट धरला आणि दोनदा समोरच्यानं तो अलगद सोडवून घेतला. तिसऱ्यांदा जमलं.

प्रार्थना संपल्यावर सगळे बाहेर अंगणात उभे राहिले आणि सिरियामे बोलायला लागला. सिरियामे म्हणजे वस्तीनं निवडलेला प्रमुख. त्याच्या या बोलण्याला नावेसारी म्हणतात. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत. मुलीनं सार सांगितलं: भांडू नका, कामाला चुकू नका, ज्याच्याकडं नाही त्याला द्या, नीट विचार करून वागा. एवढंच. पण दीडशे माणसं उन्हात ताटकळत, कुजबुज न करता ऐकत होती.

चर्चमधला हा देव त्यांचा कसा झाला याची कहाणी सरळ नाही. सतराव्या शतकात जेसुइट या कॅथलिक संघाचे पाद्री आले, मागोमाग खाणी आणि सक्तीची मजुरी आली. रारामुरींनी त्या शतकात पुन्हा पुन्हा उठाव केले. तेपोराका या त्यांच्या पुढाऱ्याला १६५३ साली फाशी दिलं. बरेच जण दऱ्यांत आणखी खोल सरकले. १७६७ मध्ये स्पेनच्या राजानं जेसुइटांना हाकललं, ते परतले १९०० मध्ये. मधल्या काळात लोकांनी जे पटलं ते ठेवलं, बाकीचं आपल्या पद्धतीनं केलं. आज देव ओनोरुआमे आहे, म्हणजे सगळ्यांचा बाप, आणि त्याच्यासाठी नाचावं लागतं, नाहीतर जग थकतं.

दिवस तिसरा: दरीत

दरीच्या काठावरच्या दिविसादेरो स्टेशनात गाडी थांबते ती थोडाच वेळ. फलाटालगत पत्र्याच्या पिंपांच्या चुलींवर बायका मक्याच्या जाड भाकऱ्या भाजत होत्या. दहा पावलं पुढं गेलं की जमीन संपते.

मी सह्याद्रीचे कडे पाहिलेत, सांदण दरी पाहिली आहे. इथं डोळ्यांना मापच सापडेना. एका कड्यामागं दुसरा, त्यामागं तिसरा, सगळे तांबूस आणि करडे, आणि तळाशी कुठंतरी नदीची रेघ. काठावर पाइन आणि ओक आहेत, हिवाळ्यात बर्फ पडतं. तळाशी पपई आणि आंबे लागतात. एकाच दिवसात चालत महाबळेश्वरहून मोहोळला उतरावं तसा फरक. म्हणून काही कुटुंबं हिवाळ्यात गुरं-शेळ्या घेऊन खाली येतात आणि उन्हाळ्यात वर जातात.

काठावर पर्यटकांसाठी २०१० पासून रोपवे आहे. त्याच्या तारांखालून रारामुरी बायका पाइनच्या सुईसारख्या पानांच्या टोपल्या विकायला चढतात. मोठ्या हॉटेलांत नळाला गरम पाणी आहे, आणि त्यांच्याच खालच्या उतारावरच्या घरांत झऱ्यावरून डबे भरून आणावे लागतात. मला ते पाहून राग आला आणि तो अजून आहे.

चार तास उतरलो. गुडघ्यांनी साथ दिली म्हणायची. घर दिसलं, ओंडक्यांचं, मागं कड्याची कपार. मी पाय उचलणार तोच मुलीनं दंडाला धरून थांबवलं. तिचं स्वतःच्या आज्जीचं घर, तरी ती पंचवीसएक पावलांवर एका दगडावर बसली, घराकडं पाठ करून. आम्हीही बसलो. हाक नाही, कडी वाजवणं नाही. घरातल्यांना हातातलं काम उरकू द्यायचं, हवं असेल तर तयार होऊ द्यायचं, आणि नको असेल तर बाहेर न येण्याचीही मोकळीक द्यायची. पंधरा मिनिटांनी आज्जी आली, जवळच बसली, आणि बराच वेळ आम्ही चौघी समोरच्या डोंगराकडं बघत राहिलो. मग बोटं टेकवली. मग घर.

रात्री धान्याच्या खोलीशेजारी, शेळीच्या कातड्यांवर झोपलो. आभाळात इतक्या चांदण्या मी १९७२ च्या उन्हाळ्यात अंगणात झोपायचे तेव्हा पाहिल्या होत्या.

दिवस चौथा: चूल

पहाटे दगडाच्या घासण्याचा आवाज आला. सून पाट्यावर मका वाटत होती. मका रात्री चुन्यात शिजवून ठेवतात, सालं सुटतात, मग ओलाच वाटतात. वरवंटा दोन्ही हातांनी धरून गुडघ्यांवर बसून पुढं-मागं. मी अर्धा तास वाटलं आणि खांदे भरून आले. तिचं रोजचं दोन तासांचं काम. तोर्तिया, म्हणजे त्यांची मक्याची भाकरी, थापायला मात्र मी हात घातला. हातावर थापायची सवय आपल्या बायकांना शिकवावी लागत नाही. माझी भाकरी त्यांच्या तोर्तियाहून मोठी झाली, पोरांनी ती मधोमध धरून सूर्याकडं करून पाहिली.

मग मी कडक भाकरी काढली. आज्जीनं विचारलं, कशाची? भाचीनं स्पॅनिशमध्ये सांगितलं, सोर्गो. वाटाडी मुलगी चपापली. मेक्सिकोत सोर्गो, म्हणजे ज्वारी, गुरांना घालतात. ती आज्जीला हे सांगावं की नाही या विचारात पडली, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मीच म्हटलं, सांग. आणि पुढं हेही सांग की आमच्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हिवाळ्यात नुसत्या दंवावर आणि काळ्या जमिनीच्या ओलीवर येते, एकही पाणी न देता. ती भाकरी पातळ थापून, भाजून वाळवली की पंधरा दिवस टिकते. वारीला जाताना, रानात जाताना हीच न्यायची.

आज्जीनं तुकडा मोडला. कट्कन आवाज झाला. दात थोडे होते, म्हणून घेवड्याच्या कालवणात भिजवून खाल्ला. मग तिनं कोपऱ्यातलं गाडगं काढलं, त्यात वाळू होती. चुलीवर वाळू तापवून तिनं मूठ-मूठ मका टाकला, काडीनं हलवला, दाणे तडतडले, फुलले, चाळून वाळू खाली पाडली. ते दाणे पाट्यावर कोरडे दळले. झालं पिनोले. पाण्यात कालवून प्यायचं, मग दिवसभर डोंगर चढायचा. शंभर मैल धावणाऱ्यांच्या कमरेला हीच पुरचुंडी असते.

मी वाळूकडं बघत बसले होते. सोलापुरात आमच्या लहानपणी भडभुंजा असाच तापलेल्या वाळूत जोंधळ्याच्या लाह्या फोडायचा. आई त्याचं पीठ करून ताकात कालवून द्यायची. हे मी आज्जीला सांगितलं. दोन भाषा ओलांडून ते पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा तिनं मान हलवली, त्यात आश्चर्य काहीच नव्हतं. धान्य असेल आणि वाळू असेल तर माणूस दुसरं काय करणार, असा तो चेहरा होता.

दिवस पाचवा: रान

शेत म्हणजे उतारावर दगडी ताली रचून धरलेली माती. पावसाचं पाणी वाहून येतं, ताल त्याला अडवते, गाळ साठतो, तिथं मका, घेवडा, भोपळा एकत्र. तालीचा वरचा दगड मागं झुकलेला हवा, मोठा दगड पायात हवा, फटींत बारीक दगड ठोकायचे. आमच्या वडिलांनी दुष्काळी कामावर हेच केलं. सत्तेचाळीस-पन्नास वर्षांत मी ते विसरले नव्हते, एका जागी ताल पोटात फुगलेली होती ती मी न सांगता दाखवली. आज्जीचा मुलगा माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघून म्हणाला, "हिला येतं."

तालीइतकंच महत्त्वाचं शेळ्यांचं वाडगं. त्यांच्याकडं वीसएक शेळ्या आहेत. दूध फारसं काढत नाहीत, मटण सणालाच. शेळ्या कशासाठी? खतासाठी. लाकडी कठड्याचं हलतं वाडगं रानात उभं करतात, रात्री शेळ्या आत, काही रात्रींनी कठडा उचलून शेजारच्या तुकड्यात. असं करत करत पेरणीपर्यंत सगळं रान खतवून होतं. या पातळ, धुपलेल्या मातीत शेणखताशिवाय मका येतच नाही.

मी तिथंच खाली बसले. आपल्याकडं दिवाळीनंतर धनगर खाली उतरतात आणि शेतकरी त्यांना "आमच्या रानात मेंढरं बसवा" म्हणून बोलावतात. जाळीचं वाडगं, रात्री मेंढरं, सकाळी जागा बदल, रात्रींच्या हिशेबानं धान्य किंवा पैसे. वडील दारात बसून रात्री मोजायचे. पंधरा हजार किलोमीटरवर तेच चाललेलं आहे आणि यांना आपलं ठाऊक नाही, आपल्याला यांचं नाही.

सायंकाळी मुलानं डोंगराच्या पलीकडं बोट दाखवून सांगितलं, तिकडं जायचं नाही. या डोंगरांत अफू आणि गांजा पिकवणाऱ्या टोळ्या आहेत, जंगल चोरणारे आहेत. जंगलतोडीविरुद्ध उभा राहिलेला इसिद्रो बाल्देनेग्रो हा रारामुरी शेतकरी, ज्याला २००५ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, जानेवारी २०१७ मध्ये गोळ्या घालून मारला गेला. त्याचे वडीलही १९८६ साली याच कारणानं मारले गेले होते. मुलगा हे सांगताना शेळ्या मोजत होता. मोजून झाल्यावर कठड्याचं शेवटचं लाकूड लावलं.

दिवस सहावा

गुडघे सुजले, अंगणातच बसून होते. सून लोकरीचा पट्टा विणत होती, कमरेला बांधायचा, काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांचा. लोकर घरच्या मेंढ्यांची, रंग मेंढीचाच. मी चादर काढून दिली. तिनं ती पांघरली नाही. उलटी केली आणि मागचे धागे पाहिले, कड बोटांनी चाचपली, नक्षी दोन्ही बाजूंनी कशी उतरली ते निरखलं. विणणारीचं बघणं. मी सांगितलं, आमच्या शहरात घराघरांत माग होते, माझ्या शेजारच्या घरातला खटखट आवाज थांबला की मला झोप लागायची नाही. तिनं विचारलं, आता? आता बरेचसे बंद आहेत, म्हटलं. ती पुन्हा पट्टा विणायला लागली.

दुपारी पोरींनी झाडाच्या फांदीची वेटोळी कडी केली आणि वाकड्या काठीनं ती उडवत उतारावर धावल्या. बायकांची शर्यत अशीच असते, कडी फेकायची आणि मागं पळायचं. पुरुष लाकडी चेंडू पायानं उडवतात. मोठ्या शर्यती दिवस-रात्र चालतात, लोक कापड आणि शेळ्यांची पैज लावतात.

दिवस सातवा: इर्जिक

घराच्या मागं तीन मोठी गाडगी चार दिवसांपासून झाकलेली होती. मी विचारलं नव्हतं. त्यात तेसग्विनो होतं, मक्याची बीअर. मका भिजवून अंधारात मोड आणायचे, वाटायचा, दिवसभर उकळायचा, गाळायचा, गवताचं बी घालून आंबवायचा. तयार झालं की दिवसभरात संपवावं लागतं, नाहीतर नासतं. म्हणजे एकट्यानं प्यायचं हे पेयच नाही. केलं की लोकांना बोलवावंच लागतं.

सकाळी माणसं येऊ लागली. कुणी तीन तास चालून, कुणी पाच. दगडावर बसायची, पाठ करून. बोलावलं की यायची. सव्वीस जण झाले. आणि काम सुरू झालं: फुगलेली ताल उतरवून पुन्हा रचायची, खालच्या रानातला मका कोठीत आणायचा. कोठी दगडांवर उचललेली, फळ्या अशा घट्ट की उंदराला फट नाही. बाया टोपल्या वाहत होत्या, पोरं कणसं सोलत होती, पुरुष दगड फिरवत होते. मीही फटींत बारीक दगड ठोकत बसले. कोण किती करतं याकडं कुणी बघत नव्हतं. एक म्हातारा फक्त सावलीत बसून दगड कुठं बसेल ते बोटानं दाखवायचा.

अर्धी ताल झाल्यावर माझ्या तोंडून शब्द आला: इर्जिक. भाची म्हणाली, म्हणजे काय गं मावशी? ती पुण्यात वाढली, तिला कसं माहीत असणार! मी सांगितलं. काळी जमीन खोल नांगरायची तर एका बैलजोडीनं भागत नाही. मग गावाला सांगावा जायचा. दहा-बारा नांगर एका रानात उतरायचे, एका दिवसात रान उलटं व्हायचं. मजुरी नाही. ज्याचं रान त्यानं संध्याकाळी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि दुसऱ्याची हाक आली की आपली बैलं घेऊन जायचं. आमच्या घरची शेवटची इर्जिक मला पुसटशी आठवते, आईनं परातीभर पुरण वाटलं होतं. १९७२ ला चारा नव्हता, बैलं गेली. नंतर ट्रॅक्टर आला आणि ताशी दर आला. वडिलांना पुन्हा कुणी हाक मारली नाही आणि त्यांनीही कुणाला मारली नाही.

बाहेरून आलेले लोक तेसग्विनोबद्दल लिहितात ते "दारूचं व्यसन" एवढंच. मी दिवसभर बघत होते. इथं पैसा थोडा, घरं एकमेकांपासून तासातासाच्या अंतरावर, हात मोजके. गाडगं भरलं की ताल होते, छप्पर होतं, मका घरात येतो, लग्नं जुळतात, भांडणं मिटतात. हे प्यायला नसतं तर दरीतलं प्रत्येक घर एकटं पडलं असतं.

प्यायच्या आधी आज्जीनं भोपळ्याच्या वाटीनं चारी दिशांना थेंब उडवले, ओनोरुआमेचा वाटा. मग वाटी फिरू लागली. वाटी नाकारणं बरं नसतं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, बावीस वर्षं झाली. माझ्यापुढं वाटी आली तेव्हा सगळे बघत होते. मी ती कपाळाला लावली आणि भाचीला म्हटलं, सांग बाई यांना. तिनं सांगितलं, मुलीनं सांगितलं. आज्जीनं माळेला बोट लावलं, मणी कशाचे विचारलं. झाडाचे, म्हटलं. तिनं वाटी माझ्या हातून घेतली, माझा वाटा जमिनीवर ओतला आणि पुढच्याला दिली. विषय संपला.

पण माझ्याकडून काहीच नाही, हे मला सोसेना. उरलेल्या सतरा भाकऱ्या आणि सगळी चटणी काढली. मोडून मोडून सव्वीस जणांना वाटली. शेंगाचटणीचा तिखटपणा त्यांना नवा नव्हता, मिरची मूळची त्यांच्याच मुलखाची. कट्कन, कट्कन असा आवाज सगळीकडून यायला लागला. म्हातारा दगडाकडं दाखवायचं त्याचं बोट तसंच वर ठेवून चावत होता.

रात्री मुलानं व्हायोलिन काढलं. हे वाद्य जेसुइटांनी आणलं, आता रारामुरी ते स्वतः लाकूड कोरून बनवतात. शेकोटीभोवती पावलं घासत नाच झाला. दोन तरुण भांडले, त्यांच्या बायकांनी त्यांना दोन दिशांना नेलं. एक जण शेकोटीच्या फार जवळ झोपला, त्याला तिघांनी ओढून मागं केलं. हेही होतंच, लपवत नाही. पण सकाळी ताल उभी होती आणि कोठी भरलेली.

दिवस आठवा: वर

निघताना आज्जीनं पिनोलेची पिशवी दिली. "मातेतेराबा," म्हटलं, आभार. तिनं उत्तर दिलं नाही. मुलीनं सांगितलं, देणं म्हणजे द्यायचंच असतं, त्याला काय उत्तर. मका द्यायला निघाली होती, निळ्या-जांभळ्या दाण्यांची कणसं, पण परवानगीशिवाय विमानानं बियाणं नेता येत नाही म्हणून ती भाचीकडंच ठेवली.

चढ उतारापेक्षा कठीण निघाला. दुपारी पाणी संपलं, भाचीला चक्कर आली. पिनोले होतं पण कोरडं गिळवेना. वर एक घर दिसलं. मुलगी म्हणाली, माझी नात्यातली नाहीत, पण चला. पंचवीस पावलांवर बसलो. बाई आली. मुलगी काही बोलायच्या आधी मीच म्हणाले, "कोरिमा." आवाज माझा मलाच परका वाटला.

बाई आत गेली आणि पाण्यानं भरलेला डबा आणि तीन तोर्तिया घेऊन आली. कुठून आलात, कोण तुम्ही, काहीही विचारलं नाही. माझ्यापाशी नाही, तुझ्यापाशी आहे, तर त्यातलं माझंही आहे. कोरिमा म्हणजे एवढं. भिकेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. इथं वर-खाली काही नव्हतं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं उघडली म्हणून आपण त्यांना संत म्हणतो. या बाईच्या कोठीत किती मका होता ते मी येताना पाहिलं होतं. अर्धीसुद्धा भरलेली नव्हती.

संध्याकाळी क्रीलच्या फलाटावर मी त्या लेकरूवाल्या बाईला शोधलं. ती नव्हती. तिच्याच वयाची दुसरी होती, तिला पिनोलेतलं अर्धं दिलं आणि बोटांची टोकं टेकवली.

सोलापूर

आई चौऱ्याऐंशीची आहे. घरी पोचले त्या रात्री तिनं पिनोले चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "लाह्यापीठ हाय की हे. मक्याचं." मग ताक मागितलं, मीठ घातलं आणि वाटी संपवली. तिकडं मेंढरं बसवतात का, हे तिनं सगळ्यांत आधी विचारलं. शेळ्या बसवतात, म्हटलं. "हां, चालतंय."

मग तिनं दुसरी वाटी भरली आणि शेजारी देऊन यायला सांगितली. थोड्या वेळानं शेजारची मुलगी वाटी परत घेऊन आली. आत शेंगाची पोळी होती, अजून गरम.